भाऊजींचा डोळा आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. माझ्या उजव्या नळीला जो पोचा दिसतो, तो पडून आलेला नाही. मला माणसाच्या तोंडावर हाणलं होतं.

कारखान्यात माझी भिंगं घासूनपुसून लख्ख केली आणि मला एका दुकानाच्या काचेच्या कपाटात बसवलं. शेजारी आठपटीची एक लहान दुर्बीण होती. मी वीसपटीची, अंगाने दणकट. मला त्याचा तोराही होता.

एके दिवशी ट्रक दुरुस्त करणारा एक मिस्त्री आला. ताई आणि भाऊजींबरोबर त्याला डोंगरावर फिरायला जायचं होतं. दुकानातल्या बाई म्हणाल्या, "निसर्गच बघायचाय ना? मग ही लहान घ्या. आजूबाजूचं सगळं दिसतं. मोठीत जवळ दिसतं, पण एवढंसंच दिसतं. शिवाय हात हलला की सगळं हलतं."

"माझा हात नाही हलत," मिस्त्री म्हणाला. "मोठीच द्या."

मी खूश झाले. जाताना गाडीत रस्ता चुकला आणि भाऊजी ताईवर खेकसले. मिस्त्रीच्या ते डोक्यात गेलं. हा माणूस घरी ताईला मारत असणार, असं त्याने लग्नापासूनच मनाशी धरलं होतं. ताईला विचारलं मात्र कधीच नव्हतं.

ताई-भाऊजी वळसा घालून समोरच्या कड्यावर गेले. मिस्त्री अलीकडे कठड्यापाशी थांबला आणि त्याने मला डोळ्यांना लावलं. माझ्या गोलात ताई आली. ती ओरडत होती, पण मी चित्र जवळ आणते, आवाज नाही. मग भाऊजी दिसले. अंगातला कोट काढून ते तिच्या डोक्यावर, पाठीवर सटासट मारत होते. त्यांनी तिला खाली पाडलं आणि तिच्या अंगावर पडले. चित्रात काळे ठिपके नाचत होते. मिस्त्रीला वाटलं, काचेवर धूळ असेल. रागाने त्याचा हात लटलट कापत होता.

तो धावत सुटला. पोहोचताच त्याने भाऊजींची मान धरून त्यांना मागे ओढलं आणि मला पट्ट्याने गरागरा फिरवून हाणलं. पहिला फटका कपाळावर बसला. दुसरा डाव्या डोळ्यावर. हाड मोडलेलं मला कळलं, माझ्या भिंगांवर रक्त उडालं. तिसऱ्यासाठी हात उचलला आणि त्याच्या मानेत आगीचा डाग दिल्यासारखं झालं. मग ओठावर, मग पापणीवर.

"त्यांना मारू नको रे," ताई किंचाळत होती. "माश्या आहेत. ते मला वाचवतायत."

वरच्या खडकावरचं आग्यामोहोळ उठलं होतं. माझ्या गोलात ते आलंच नव्हतं. लहान दुर्बिणीत ते नक्की दिसलं असतं. भाऊजींनी रक्ताने माखलेल्या हाताने कोट चाचपडून उचलला आणि ताईवर टाकला. मिस्त्रीकडे न बघताच म्हणाले, "तूही शिर आत."

भाऊजींचा डोळा गेला. दवाखान्यात मिस्त्री त्यांच्या पायाशी बसून ढसाढसा रडला. "मला वाटलं, तुम्ही ताईला..."

"विचारायचं होतंस," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी कूस बदलली.

मित्रांनो, फिरायला जाताना दुर्बीण निवडाल तेव्हा नुसती ताकद बघू नका, तिच्यातून किती पसारा दिसतो तेही बघा. भिंगं मऊ फडक्याने पुसा, मला ओलीत ठेवू नका. पण आधी माणसं जपा. कुणावर हात उगारावासा वाटला, तर मला खाली ठेवा, जवळ जा आणि विचारा. भाऊजींनी मिस्त्रीला केव्हाच माफ केलं. ताईने अजून केलेलं नाही, आणि मला वाटतं, तिचं बरोबर आहे.