पाहुण्यांच्या वहीतल्या गाळलेल्या ओळी

मी पाहुण्यांची वही बोलतेय, आणि आज रागातच बोलतेय. सोळा वर्षं तोंड मिटून फळीवर पडून होते. ज्याने उघडलं त्याने लिहिलं आणि मिटून ठेवलं. आता माझंही ऐका.

माझी पानं दुकानातली असली, तरी मला रूप दिलं ते आमच्या बाईने. बाई कपडे शिवते. गिऱ्हाइकाच्या कोटातलं करडं कापड उरलं होतं, त्याचं तिने मला कव्हर शिवलं. अजून एक टाका उसवलेला नाही. मग तिच्या नवऱ्याने माझ्या पहिल्या पानावर एकट्याचं नाव लिहिलं, तेही ठळक अक्षरांत. माझं डोकं पहिल्यांदा फिरलं ते तिथेच.

नवरा जुने रेडिओ जमवणाऱ्यांच्या क्लबचा सभासद. क्लब देशोदेशी पसरलेला. परदेशी गेलं की हॉटेलात उतरायचं नाही, सभासदाच्या घरी राहायचं, असा त्यांचा रिवाज. यजमानाने पाहुण्याला स्वतःचा पलंग द्यायचा, पाहुण्याने निघताना वहीत दोन शब्द लिहायचे. आणि आपण प्रवासाला निघालो की आपली वही बरोबर न्यायची, म्हणजे आपण पाहुण्यांना कसं ठेवलं ते समोरच्याला कळतं, आणि तोही तिच्यात काहीतरी लिहितो. रिवाज चांगला आहे. त्याच्यावर माझा राग नाही.

पण आमच्याकडे तो कसा पाळला जायचा ते सांगते. घर दोन खोल्यांचं. पाहुणा आला की पलंग त्याला, सोफा साहेबांना, आणि बाई स्वयंपाकघरात ओट्याखाली सतरंजीवर. तिचं शिलाई मशीन बाहेर पॅसेजमध्ये. कुणाला दूध चालत नाही, कुणाला मऊ उशी लागते, सगळं तिच्या ध्यानात. साहेब तेवढे पाहुण्याला रेडिओंच्या कपाटापुढे उभं करून तासन्‌तास बाता मारायचे. साहेब मीच म्हणते त्यांना, चिडून.

पाहुणे काही आंधळे नव्हते. ते लिहायचे. लिपी परकी, बाईला वाचता यायची नाही. पाहुणा जिना उतरला की ती हात पुसत यायची.

"अहो, काय लिहिलंय हो?"

"नेहमीचंच गं. तुमचे रेडिओ उत्तम, म्हणतात. आमच्याकडे या."

साफ खोटं! माझ्या पानावर लिहिलेलं होतं, "ज्या बाईंनी माझी पँट अशी रफू केली, की फाटलेली जागा मलाच सापडत नाही, त्यांना नमस्कार. तुम्ही दोघं या." दोघं! हा शब्द या माणसाने गिळून टाकला. एकदा नाही, प्रत्येक वेळी. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, पण वहीला कुठले पाय आणि कुठलं मस्तक!

एका वर्षी एक निवृत्त शिक्षिका येऊन राहिली. तिने लिहिलं, "आमच्या खिडकीतून समुद्र दिसतो. या घरच्या बाईंनी तो कधी पाहिलेला नाही, असं त्यांनी मला खुणांनी सांगितलं. त्यांना नक्की आणा." साहेबांनी काय वाचावं? "तिकडची हवा छान आहे म्हणते."

अखेर साहेब त्याच शिक्षिकेकडे निघाले. एकटेच.

"अगं, नियमच आहे तसा. सभासदालाच राहता येतं," ते म्हणाले. असा नियम कुठेही नव्हता.

बाईने त्यांचे शर्ट इस्त्री करून बॅग भरली, मला मधोमध ठेवलं. "समुद्र नीट बघून या," ती म्हणाली, "आणि मला सांगा." मला रडावंसं वाटलं आणि साहेबांचे कान उपटावेसेही वाटले.

शिक्षिकेने दार उघडलं आणि आधी साहेबांच्या मागे जिन्याकडे पाहिलं. "त्या कुठे आहेत?"

"तिला प्रवास सोसत नाही."

खिडकीपाशी दोन अंथरुणं घातली होती. दोन टॉवेल, सपातांचे दोन जोड. लहान जोड कोरा करकरीत होता. जेवणाच्या टेबलावर शिक्षिकेने मला पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं. साहेबांची नजर ताटातून वर आली नाही.

"हे सगळं त्यांना वाचून दाखवता ना?"

"हो तर!"

जन्मभर पोरांच्या थापा ऐकलेली बाई ती. थाप तिने लगेच ओळखली. निघायच्या दिवशी तिने माझ्या पानावर एक अक्षर लिहिलं नाही, चित्र काढलं. खिडकी, बाहेर समुद्र, एक चुरगळलेलं अंथरूण आणि शेजारी एक न मोडलेलं. त्याच्या उशीवर सुई-दोरा, पायथ्याशी लहान सपाता. साहेबांनी पाहिलं आणि सुटकेचा श्वास सोडला. वाचायला काही नाही, म्हणजे गाळायलाही काही नाही!

घरी आल्यावर बाईने मला उघडलं. चित्रावरून बोट फिरवलं.

"अहो, हे दुसरं अंथरूण कुणाचं?"

"असेल कुणाचंतरी."

"उशीवर सुई-दोरा आहे."

साहेब बॅग उपसू लागले. बाईने स्टूल ओढून त्यांच्यासमोर ठेवलं आणि त्यावर बसली. "पहिल्या पानापासून वाचा. एक शब्द गाळायचा नाही. गाळलात, तर शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेईन. हे मी आधीच करायला हवं होतं."

साहेबांनी वाचलं. पानागणिक आवाज बसत गेला. 'दोघं' आलं की बाई म्हणायची, "परत वाचा." ती रडली नाही. मला मिटून मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "आता त्या खिडकीपाशी मी जाते. एकटी."

"अगं, पुढच्या महिन्यात दोन पाहुणे यायचेत!"

"चादरी वरच्या कप्प्यात आहेत. पलंग एकाला द्या, सोफा दुसऱ्याला. सतरंजी ओट्याखाली आहे."

सध्या मी तिच्या पिशवीत आहे, समुद्राच्या वाटेवर. माझा राग अजून पुरता गेलेला नाही, आणि जायची घाईही नाही. लोकहो, कुणाच्या घरी राहिलात तर वहीत जरूर लिहा. पण तुमचं अंथरूण घालणारी स्वतः कुठे निजली, ते आधी बघा, आणि तिला वाचता येईल असं लिहा.

माझं एकच पान कोरं उरलंय. मघाशी शेजारी बसलेल्या एका प्रवासिनीला आमची बाई सांगत होती, "हे पान मी लिहिणार आहे, आपल्या अक्षरांत. घरी गेले की त्यांना मीच वाचून दाखवीन."

काय गाळायचं, ते आता ती ठरवील.