एकमेकांना जागं ठेवणारी जनुकं

शलाकाने कपाटामागे हात घालून गोळ्यांची आणखी एक स्ट्रिप ओढून काढली. तीही न फोडलेली. अण्णांच्या रक्ताच्या कर्करोगाचा रिपोर्ट आज एवढा का बिघडला, ते तिला कळलं.

“अण्णा, गोळ्या कधीपासून बंद आहेत?”

“दसऱ्यापासून,” तिचे वडील, पुरुषोत्तम, शांतपणे म्हणाले. सरकारी कारखान्यात त्यांनी आयुष्यभर कंट्रोल पॅनल जुळवली होती. लपवतानाही त्यांनी स्ट्रिपा तारीखवार रचल्या होत्या.

“पण का?”

“तूच सांगितलंस की. दोन जनुकं एकमेकांना जागं ठेवतात. एकदा जागी झाली की बाहेरचा इशारा काढला तरी पेशी मागे फिरत नाही. आमच्या पॅनलमध्ये हेच. स्टार्टचं बटण सोडलं तरी मोटर चालू राहते, त्याला आम्ही लॅच म्हणायचो. मागचं रक्त नॉर्मल आलं. म्हटलं, लॅच बसला. आता बटण कशाला धरून ठेवायचं?”

येलहंका उपनगरातल्या याच घरात, नाश्त्याला बसून तिने आपलं ते संशोधन त्यांना समजावलं होतं. त्यांनी इतके प्रश्न विचारले की डोसे थंड झाले. घरात आपलं काम कुणाला तरी कळलं, म्हणून ती दिवसभर खुशीत होती. त्या खुशीची आता तिला चीड आली.

“ते निरोगी पेशींचं होतं, अण्णा. तुमची गोळी लॅच लावत नव्हती. रोगाला नुसती दाबून धरत होती.”

पुरुषोत्तम खुर्चीत सावरून बसले. कारखान्यातला बिघाड शोधताना बसत, तसे.

“म्हणजे मी हात काढला आणि लॅच रोगाचा बसला. आता गोळी घेतली तरी तो सुटायचा नाही. नमुना तोच, स्वल्प उलटा. मोजकेच नमुने सगळीकडे पुन्हा पुन्हा येतात, म्हणाली होतीस ना?”

रोग आता औषधाला दाद देईलच असं नाही, असं डॉक्टर सकाळी फोनवर म्हणाले होते. मागे न फिरणाऱ्या पेशी शलाका रोज प्रयोगशाळेत बघत होती. त्यांच्यावर तिने पेपर लिहिले होते. अण्णांचं म्हणणं चूक आहे, असं त्यातलं काहीही तिला सांगू देत नव्हतं.

“नाही,” ती म्हणाली. “हे सर्किट वेगळं आहे.”

कसं वेगळं, हा प्रश्न त्यांच्या ओठांवर आलेला तिला दिसला. तिने मान खाली घालून स्ट्रिपमधली एक गोळी काढली.

“सरी, बरं,” प्रश्न न विचारताच पुरुषोत्तम म्हणाले, आणि त्यांनी गोळीसाठी हात पुढे केला.