मुकादमचा पिंजरा

शेवटी कुलूपवाला पिंजऱ्यात गेला आणि बोका बाहेर राहिला. पण तूर्तास हे काही घडलंच नाही असं धरून चालू, कारण ज्या दिवशी ते घडलं, त्या सकाळी कुलूपवाला भलताच खुशीत होता.

बोक्याचं नाव मुकादम. दुकानातल्या कुलपांच्या ढिगात वाढल्यामुळे तो कुठलीही कडी पंजानं उघडायचा, गॅलरीतून पसार व्हायचा आणि एखादं पाखरू मारून यायचा. शेजारच्या निवृत्त शाळाबाई इमारतीच्या पर्यावरण समितीच्या अध्यक्ष होत्या. त्यांनी मेलेल्या पाखरांची पिसं वहीत चिकटवली, समास आखला, खाली तारखा घातल्या. एकवीस पिसं झाली. समितीनं फर्मान काढलं की बोक्याला गॅलरीत पिंजरा करा. तपासणीत पिंजरा रिकामा सापडला, तर बोका त्याच दिवशी प्राण्यांच्या आश्रमात.

कुलूपवाल्याला मूल नव्हतं, भाऊ बोलत नव्हता, आणि मुकादम रोज संध्याकाळी त्याच्या पोटावर झोपायचा. त्यामुळे त्यानं जिवाचं रान केलं. जाळी ठोकली आणि हयातीतलं सगळ्यात भारी कुलूप बसवलं, फक्त बाहेरून उघडणारं. आतून ते मुकादमलाच काय, त्याच्या बापालाही उघडता आलं नसतं. खात्री करायला तो स्वतः आत शिरला आणि बायकोला म्हणाला, "लाव." तिनं लावलं. खरंच उघडेना. त्याचा ऊर भरून आला.

तेवढ्यात बेल वाजली. दारात शाळाबाई, हातात वही. मुकादम फ्रिजवर बसला होता आणि खाली यायचं नाव घेत नव्हता.

"उघड की," कुलूपवाला कुजबुजला.

"आणि रिकामा पिंजरा दाखवू? बसा गप. पाय पोटाशी घ्या."

शाळाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मग चष्म्यातून पाहिलं. वहीत "पिंजरा रिकामा नाही" असं लिहिलं, कुलपावर कागदी सील चिकटवून सही ठोकली आणि म्हणाल्या, "तीन महिने. सील फाटलं, तर बोका आश्रमात."

"बाई, मी बोका नाही."

"मध्ये बोलायचं नाही. हात वर करून विचारा."

त्यानं हात वर केला. जाळीला लागला.

ताटली सरकवण्यापुरती फट त्यानंच ठेवली होती, त्यातून जेवण येऊ लागलं. बाकीच्या सोयीसाठी वाळूचा ट्रे होता. त्याबद्दल कुणी विचारलं नाही.

"दुकान मी बघते," बायको म्हणाली. "तुम्ही फक्त घोरू नका. खालचे विचारतात, बोका एवढा कसा घोरतो."

मुकादमनं मात्र शिकार सोडली. आपला माणूस पिंजऱ्यात बसलाय, हे सोडून पाखरांमागे कोण धावेल? दिवसभर समोर बसून तो टक लावून बघायचा. वहीत एकही पीस वाढलं नाही. पाखरं थेट जाळीवर येऊन बसू लागली. समितीनं पिंजरा कमालीचा यशस्वी ठरवून मुदत बेमुदत वाढवली.

संध्याकाळी मुकादम जाळीला पाठ टेकून झोपायचा. जाळी इतकी चोख विणलेली, की आतून एकच बोट बाहेर जायचं. त्या बोटानं कुलूपवाला त्याला खाजवायचा. चौथ्या महिन्यात त्यानं फटीतून अर्ज सरकवला:

"मा. अध्यक्ष, पर्यावरण समिती, यांस. विषय: पोटावर बोका ठेवणेबाबत. अर्जदाराची पिंजऱ्याविषयी तक्रार नाही. सोबत एक पीस जोडले आहे, ते आपोआप गळलेले आहे. तरी नम्र विनंती की, सील न फाडता बोक्यास रोज सायंकाळी सहा ते साडेसहा आत घेण्याची परवानगी मिळावी. ते शक्य नसल्यास अर्जदारास रीतसर बोका घोषित करून तेवढा वेळ फ्रिजवर, मूळ बोक्याशेजारी, बसण्याची मुभा द्यावी."