नळीच्या तुकड्याने पाहिलेला उजेड

मी एक जुना पोलादी तुकडा आहे आणि सूर्यालाही लाजवील असा उजेड मी अंगावर घेतला आहे. मित्रांनो, आकाराने मी तांदळाच्या कणीएवढा आहे आणि त्या महान क्षणी मला नेलपॉलिशने चिकटवलेलं होतं.

पूर्वी मी कारखान्यातल्या वाफेच्या नळीत होतो. अकरा वर्षं गरम वाफ सोसली, हूं की चूं केलं नाही. मग एके दिवशी नळी तडकली. "जोड कच्चा," असं साहेबांनी लिहून टाकलं. जोड देणारा वेल्डर चार महिन्यांनी निवृत्त व्हायचा होता. उभ्या जन्माच्या कामावर बोळा फिरला.

वेल्डरची भाची मोठ्या प्रयोगशाळेत होती. तिथल्या गोल नळीत इलेक्ट्रॉन घाण्याच्या बैलासारखे फिरतात आणि वळताना त्यांच्यातून क्ष-किरण निसटतात. भेगेसकट मला कापून काढलं आणि जोड खरंच कच्चा होता का ते पाहायला माझी रवानगी तिथे झाली.

"दोन दिवस मिळालेत, मामा," ती फोनवर म्हणाली.

"बघ बाई. माझा माझ्या हातावर विश्वास आहे, तुझ्या यंत्रावर नाही."

केसाहून बारीक किरण माझ्यावरून सरकू लागला. तो पडे तिथला कण आपलं नाव सांगे: लोखंड, क्रोम, निकेल. कुणीतरी मला अक्षर अक्षर लावून वाचतंय, असं वाटलं. भट्टीतला तांबूस जन्म आठवला. डोळा लागल्यासारखं झालं.

तेवढ्यात पडद्यावर टायटेनियमचा ढग उमटला. भाचीचे सर ताडकन उठले.

"नळीत टायटेनियम? अगं, हा शोध आहे शोध!"

पहिला दिवस त्या ढगामागे गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी भाचीची नजर स्वतःच्या गुलाबी नखांवर गेली.

"सर, नेलपॉलिशच्या रंगात टायटेनियम असतं ना?"

"असतं. का?"

तिने बोटं पुढे केली. सर खाली बसले.

उरलेल्या सहा तासांत त्यांनी माझी भेग पाहिली. ती जोडाला वळसा घालून गेली होती आणि मुळापासून टोकापर्यंत तिच्यात क्लोरीन होतं, खाऱ्या पाण्यातलं. नळी पाण्याने खाल्ली होती. वाफेसाठीचं पाणी तपासायचं काम साहेबांचं होतं.

ठपका पुसला गेला. मामा मला पाहायला आले, भिंगाला डोळा लावला.

"जोड बरा दिसतोय," म्हणाले.

मित्रांनो, माणसाला नावं ठेवण्याआधी पाणी तपासा. आणि वस्तू जपून ठेवाल, तर डबीवर तिचं नाव नीट लिहा. माझ्या डबीवर 'नेलपॉलिश' लिहिलं आहे.