तळ्याकाठचे तीन पंख

हुबळीजवळच्या तारिहाळमध्ये, वेल्डिंगच्या शेडमध्ये फरशीवर खडूनं काढलेलं पंखांचं चित्र चोवीस फूट लांब होतं, आणि त्यावरून कुणी चालायचं नाही असा हुकूम इंदुमतीनं पहिल्याच दिवशी दिला होता. शेडमध्ये अकरा माणसं काम करायची. लेथकडे जायचं तर वळसा, पाणी प्यायला जायचं तरी वळसा. चौथ्या दिवशी जोतिबा केदारी सरळ त्या खडूच्या पंखावरून चालत गेला आणि पलीकडे जाऊन उभा राहिला.

“पुसलं ना ते!” इंदुमती ओरडली. “तुला सांगितलं होतं की...”

“तुम्ही म्हणा,” जोतिबा म्हणाला. “मी तुमच्यापेक्षा पंधरा-सतरा वर्षांनी मोठा आहे.”

माणसांनी हातातली कामं थांबवली. इंदुमतीनं खडू दुसऱ्या हातात घेतला.

“तुम्हाला सांगितलं होतं, केदारी.” त्यातला ‘तुम्हाला’ तिनं असा काही उच्चारला की त्यापेक्षा ‘तू’ बरं होतं.

ही १९८४ च्या डिसेंबरातली गोष्ट. इंदुमती धारवाडच्या मळमड्डीतली, वकिलांच्या घरातली. बडोद्याला शिल्पकला शिकून आली होती, लग्न केलं नव्हतं, आणि बाईमाणसाला लोखंडातलं काय कळतं हे वाक्य तिनं इतक्या वेळा ऐकलं होतं की ते कुणाच्या तोंडून बाहेर पडायच्या आधीच ती चिडायची. हुबळीच्या उणकल तळ्याकाठी नवी बाग होत होती. बागेच्या समितीनं मधोमध एक मोठं शिल्प उभारायचं ठरवलं आणि ते काम तिला दिलं. समितीचे अध्यक्ष वेंकटेशराव तिचे सख्खे काका. त्यामुळे काम कसं मिळालं याची चर्चा गावात झालीच, आणि तीही तिच्या कानावर आलीच.

जोतिबा शेडमधला सगळ्यात जुना वेल्डर. हुबळीच्या बौद्ध वस्तीत राहायचा. त्यानं जोडलेला सांधा उघडलेला कुणी पाहिला नव्हता. मालकसुद्धा त्याला जपून बोलायचे.

शिल्प म्हणजे पोलादी पत्र्याचे तीन प्रचंड पंख. तिन्ही वर जाताना फाकत जायचे आणि खाली एकाच नळीवर येऊन टेकायचे. ती नळी बारीक होती, आणि इंदुमतीच्या मते सगळं शिल्प त्या बारीकपणातच होतं. जमिनीला जेमतेम टेकलंय, आता उडेल, असं वाटलं पाहिजे.

जोतिबानं आराखडा पाहिला तेव्हाच नळीवर बोट ठेवलं. “हे टिकायचं नाही बघा.”

“इंजिनिअरनं तपासलंय.”

“कितीचं तपासलंय? कोपऱ्यात सोळा फूट लिहिलंय. फरशीवर चोवीस काढलंय तुम्ही.”

खरं होतं. रस्त्यावरून दिसायला हवं म्हणून समितीनं उंची वाढवायला सांगितली होती. इंदुमतीनं पंख वाढवले होते, नळी थोडी जाड केली होती, आणि आराखडा पुन्हा इंजिनिअरकडे पाठवला नव्हता.

“तळ्यावरनं वारं येतंय, बाई. पंख म्हणता तुम्ही. वाऱ्याला ते शीड दिसणार.”

“तुमचं काम जोडायचं,” ती म्हणाली. “कसं दिसावं ते माझं काम.”

“मी दिसण्याबद्दल बोललोच नाही.”

“मग बोलूच नका.”

तीन महिने असेच गेले. ती सकाळी नऊच्या बसनं यायची आणि पत्र्याचा प्रत्येक बाक हातानं चाचपायची. कुठं खाच लागली की सगळ्यांदेखत म्हणायची, “हे परत.” जोतिबा परत करायचा, पण शब्द बोलायचा नाही. जेवायच्या सुट्टीत ती शेडच्या एका टोकाला बसायची आणि तो दुसऱ्या. कधी तिला एखादी पत्र्याची प्लेट उचलून हवी असली की ती मालकांना सांगायची, मालक जोतिबाला सांगायचे, आणि तिघंही दहा फुटांच्या आत उभे असायचे. घरी बायको भीमाबाई म्हणाली, “सोड की ते काम. दुसऱ्या कुणाला करू दे.” जोतिबा म्हणाला, “दुसऱ्यानं केलं तर उभं करतानाच तुटेल.” त्याला ते पंख आवडायला लागले होते, आणि हे त्याला स्वतःलाच सहन होत नव्हतं.

मार्चमध्ये शिल्प तळ्याकाठी उभं केलं. त्याच आठवड्यात इंदुमती एका प्रदर्शनासाठी बेंगळूरला गेली. ती नसताना जोतिबानं नळीच्या बुडाशी सहा तिकोनी पट्ट्या भोवतीनं जोडल्या. गुडघ्याइतक्या उंच आणि जाड. मोठ्या झाडाची मुळं जमिनीवर दिसतात तशा. कुणाला विचारलं नाही.

ती परत आली आणि स्टेशनवरून थेट बागेत गेली. जोतिबा तिथंच होता, रंगाआधीचं घासकाम करत.

ती पट्ट्यांभोवती एक फेरी मारून आली. मग म्हणाली, “माझ्या पंखांना हत्तीचा पाय लावलात तुम्ही.”

“पडू नये म्हणून लावला.”

“मला न विचारता?”

“विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात.”

“तुम्हा लोकांना नजरच नसते!”

जोतिबानं ग्राइंडर बंद केला. “तुम्हा लोकांना म्हणजे?”

तळ्यावरून वारा येत होता. इंदुमतीचा चेहरा लाल झाला. आपण काय बोललो ते तिला कळलं होतं, पण शब्द मागे घ्यायची तिला सवय नव्हती.

“काढून टाका,” ती म्हणाली. “आजच्या आज. कुठं काही होतं असं दिसता कामा नये.”

इथं जोतिबानं नाही म्हणायला हवं होतं. निदान कागदावर लिहून द्या म्हणायला हवं होतं. त्यानं दोन्ही केलं नाही. त्यानं गॅसकटर पेटवला आणि तिच्यासमोर एकेक पट्टी कापून बाजूला टाकली. मग उरलेले कंगोरे ग्राइंडरनं घासले, पॉलिशपेपरनं घासले, बोट फिरवलं तरी लागणार नाही इतकं साफ केलं. तीन तास ती हलली नाही आणि तोही थांबला नाही. शेवटचा हात फिरवताना त्याच्या मनात स्पष्ट शब्दांत आलं, पडू दे. हिच्या डोळ्यांदेखत पडू दे.

उद्घाटनाला त्याला बोलावणं नव्हतं, तरी तो गेला आणि कुंपणाशी उभा राहिला. वेंकटेशराव भाषणात पुतणीचं कौतुक करत होते. दगडी पाटीवर समितीच्या नऊ जणांची नावं होती, इंदुमतीचं होतं, शेडचं होतं. वेल्डरचं नव्हतं. तेवढ्यात त्याला नागोजी दिसला. नागोजी बागेचा राखणदार, उणकलचाच, मुलीच्या शाळेच्या गोष्टी सांगणारा हसतमुख माणूस. त्यानं आपलं लाकडी स्टूल मधल्या पंखाच्या सावलीत टाकलं होतं.

“बघा अण्णा,” तो जोतिबाला म्हणाला, “सगळ्या बागेत सावली म्हणाल तर एवढीच.”

जोतिबानं तोंड उघडलं. तिथं बसू नको, एवढंच म्हणायचं होतं. पण इंदुमती पाहुण्यांबरोबर समोरून गेली, त्याच्याकडे एक नजर टाकून, आणि तो गप्प बसला.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी चारला आभाळ पिवळं झालं आणि वळिवाचं वारं सुटलं. पाऊस आलाच नाही, नुसतं वारं. नळी बुडाच्या वर वीतभर अंतरावर घडी पडावी तशी वाकली आणि तिन्ही पंख एकदम आडवे झाले. मुलं केव्हाच पळाली होती. नागोजी स्टूल उचलायला वळला होता. पत्र्याची कड त्याच्या डाव्या गुडघ्याखाली बसली. हॉस्पिटलात त्याच रात्री पाय कापावा लागला.

पाचव्या दिवशी वेंकटेशरावांच्या मळमड्डीतल्या दिवाणखान्यात समिती बसली. जोतिबाला आणि मालकांना बोलावलं होतं. मालक खुर्चीत, जोतिबा उभा. इंदुमती खिडकीपाशी बसली होती, कुणाकडे न बघता.

वेंकटेशरावांनी कागद वाचून दाखवला. वेल्डिंग कच्चं होतं, त्यामुळे शिल्प कोसळलं, आणि वेल्डर जोतिबा केदारी याच्यावर कारवाई व्हावी, असं पोलिसांना कळवायचं होतं.

“सांधा तुटलेला नाही,” जोतिबा म्हणाला. “जाऊन बघा. एकसुद्धा सांधा उघडलेला नाही. नळी वाकली आहे.”

“आम्ही काय वेल्डर आहोत का?” वेंकटेशराव म्हणाले.

“मी पट्ट्या लावल्या होत्या बुडाला. बाईंनी काढायला लावल्या.”

“पुरावा आहे?”

 जोतिबानं स्वतःच ती जागा बोटालाही लागणार नाही अशी घासून ठेवली होती.

“नाही ना? मग स्वतःची चूक बाईमाणसावर ढकलायची लाज वाटत नाही?” वेंकटेशरावांनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी मान खाली घातली. “सही करा तुम्ही इथं.”

“मी काढायला लावल्या,” इंदुमती म्हणाली.

वेंकटेशराव थांबले. “इंदू, तू बोलू नकोस.”

“त्यांनी लावल्या होत्या. मी काढायला लावल्या. आराखडा सोळा फुटांचा होता, तोही मी पुन्हा तपासून घेतला नाही. ते पहिल्या दिवसापासून सांगत होते.”

“तुला कळतंय का काय बोलतेस? बेंगळूरला मिळालेलं नवं काम हातचं जाईल. पुन्हा कुणी उभं करणार नाही तुला.”

“कळतंय.”

“घराण्याचं नाव...”

“काका, माणसाचा पाय गेलाय,” ती म्हणाली आणि उठून बाहेर गेली.

 वेंकटेशरावांनी कागद उलटा ठेवला. जोतिबा बाहेर आला तेव्हा ती फाटकाशी उभी होती. त्याला वाटलं, ती आता आभाराची वाट बघतेय. त्या विचारानंच त्याचं डोकं तापलं.

“खरं बोललात म्हणून उपकार झाले नाहीत माझ्यावर,” तो म्हणाला.

“उपकार करायला मी बोलले नाही.” तिनं वळून त्याच्याकडे पाहिलं. “मला एकच सांगा. पट्ट्या काढल्या त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं? पडणार म्हणून?”

“होय.”

“नक्की माहीत होतं?”

“वाऱ्याचा दिवस कुठला ते माहीत नव्हतं. बाकी सगळं माहीत होतं.”

“मग काढल्यात का?”

“तुम्ही सांगितलं म्हणून.”

“खोटं,” ती म्हणाली. “इतके महिने न पटलेलं माझं कुठलं सांगणं तुम्ही गुमान ऐकलंत? मी तोंडावर पडावं म्हणून काढल्यात.”

 रस्त्यावरून एक रिक्षा गेली. “नागोजीचं स्टूल मी बघितलं होतं,” जोतिबा म्हणाला. हे त्यानं भीमाबाईलाही सांगितलं नव्हतं. “त्याला ऊठ म्हणणार होतो. तुम्ही समोर आलात आणि राहिलं.”

इंदुमतीनं फाटकाचा गज घट्ट धरला. “आणि आत मला सगळं माझ्यावर घेऊ दिलंत.”

“घ्यायचं होतं ते तुमचंच होतं. माझं मी सांगेन.”

“कुणाला?”

दुसऱ्या दिवशी तो हॉस्पिटलात गेला तेव्हा इंदुमती आधीच येऊन खाटेच्या उजव्या बाजूला उभी होती. त्याला पाहून ती हलली नाही. तो डाव्या बाजूला उभा राहिला, जिथं चादर सपाट होती. त्यानं नागोजीला सगळं सांगितलं. पडणार हे माहीत होतं, स्टूल दिसलं होतं, गप्प बसलो. नागोजी छताकडे बघत ऐकत होता. चेहऱ्यावर हसू सोडाच, काहीच नव्हतं.

“बाईंनी त्यांचं सांगितलं,” तो शेवटी म्हणाला. “तुम्ही तुमचं सांगितलं. आता बरं वाटतंय काय दोघांना?”



“तुमची भांडणं तुमच्या घरी करायची होती. माझ्या डोक्यावर कशाला आणून उभी केली?” त्याचा आवाज फाटला. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा वळून बघू लागला. “तो पत्रा अजून तिथंच पडलाय म्हणे. माझी पोरगी रोज त्या वाटेनं शाळेला जाते. तो उचला. एक तुकडा ठेवू नका. दुसऱ्या कुणाला पाठवू नका, तुम्ही दोघांनी उचला. आणि परत इथं येऊ नका.”

बेंगळूरचं काम गेल्याचं पत्र इंदुमतीला त्याच आठवड्यात आलं. पोलिसांत दोघांनी वेगवेगळे जबाब दिले, आणि जबाब वाचून मालकांनी जोतिबाला शेडमध्ये येऊ नको म्हणून सांगितलं. जोतिबानं एका ओळखीच्याकडून गॅसकटर मागून घेतला आणि तो उणकलला गेला.

चार दिवस लागले. तिला बोलवायला कुणी गेलं नव्हतं, पण सकाळी साडेसहाला ती हजर असायची, जुनी साडी खोचून. तो कापायचा. ती दोन्ही हातांनी प्लेट धरायची, तापलेल्या कडेपासून वीतभर दूर. फिरायला आलेले लोक थांबून बघायचे. कुणी म्हणायचं, हीच ती बाई. कुणी म्हणायचं, हाच तो वेल्डर. पहिल्या दिवशी एकानं खडा मारला, तो तिच्या खांद्याला लागला. तिनं प्लेट सोडली नाही. जोतिबानं मान वर केली, त्या माणसाकडे बघितलं, आणि पुन्हा कापायला लागला.

चार दिवसांत ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. इथं धरू का. थांबा. चला. तो त्याहूनही कमी बोलला. तिसऱ्या दिवशी मधल्या पंखाचा मोठा बाक कापायची वेळ आली. तो बसवायला जोतिबाला अकरा दिवस लागले होते. त्यानं ज्योत जवळ नेली आणि त्याचा हात थांबला.

“कापा,” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि आवाज मात्र पहिल्या दिवशीसारखाच करडा होता. “कापा, केदारी.”

त्यानं कापलं.

चौथ्या दिवशी दुपारी शेवटचा तुकडा ट्रकमध्ये चढला. जोतिबानं जमिनीतले बोल्ट मुळापासून छाटले आणि खड्ड्यात माती लोटून पायानं दाबली. ट्रक हुबळीकडे जाणार होता, आणि तिला धारवाडला जायचं होतं. तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते, दोन बोटांना फोड आले होते. ते त्याला दिसले.  ती रस्ता ओलांडून पलीकडच्या थांब्यावर गेली आणि बस येईपर्यंत तळ्याकडे पाठ करून उभी राहिली. तो ड्रायव्हरशेजारी चढला आणि त्यानं दार ओढून घेतलं.