ऑलिव्हच्या पानातला कडू

मी ऑलिव्हमधला कडवटपणा बोलतोय. फळात मी, पानातही मीच. शहरातल्या शहाण्यांनी मला ओल्युरोपीन असं लांबलचक नाव दिलंय. मी म्हणे माणसाचं शरीर आतून गंजू देत नाही. नसेन देत, मला काय त्याचं! किड्यांनी तोंड लावू नये म्हणून झाडानं मला घडवलं. माणसंही त्यातलीच.

ग्रीसच्या डोंगरातल्या आमच्या गावात, एव्दोकियाआजीच्या अंगणात माझं झाड होतं. तिच्या नवऱ्यानं लावलेलं. दरवर्षी ती हिरवी फळं दगडानं ठेचायची, पाण्यात घालायची आणि रोज सकाळी ते पाणी बदलायची. मला हळूहळू बाहेर काढायची आणि चवीपुरता ठेवायची. साऱ्या गावात मी मानतो ते या एकाच बाईला.

यंदा तिचा हात मोडला. तिचा मुलगा अनेस्तिस, खानावळीचा मालक आणि अकलेचा कांदा, म्हणाला, "मी करतो. त्यात काय मोठंसं!" फळं ठेचून त्यानं पाण्यात टाकली आणि खुशाल विसरला. मग तशीच काढून गिऱ्हाइकांपुढे ठेवली. लोक थुंकले.

"झाडच नासलंय, आई. तोडून टाकतो. तिथं चार टेबलं मांडता येतील."

"अरे, पाणी बदललं होतंस का?"

"पाण्याचं काय घेऊन बसलीस!"

"तुझ्या बापाच्या हातचं झाड आहे रे ते. मी जिवंत आहे तोवर तरी राहू दे." आजी रडायला लागली. त्याच्या घशात कायमचं ठाण मांडून बसावं, असं मला तेव्हा वाटलं.

त्यानं झाड तोडलंच. पाला शेळ्यांपुढे टाकला. मग घाम पुसत खिशातून शहरातली डबी काढली आणि एक गोळी गिळली.

"कसली रे ती?"

"हृदयासाठी. ऑलिव्हच्या पानांचा अर्क आहे. महाग असतो, आई."

आजीनं चरणाऱ्या शेळ्यांकडे बघितलं. "मग तुझ्यापेक्षा त्याच शहाण्या म्हणायच्या," ती म्हणाली.

आता बुंध्याला कोंब फुटलाय. आजीनं न मोडलेल्या हातानं त्यावर टोपली पालथी घातलीय, शेळ्या आणि मुलगा दोघांपासून जपायला. त्या कोंबात मी आहे, पहिल्याइतकाच कडू. मला डोक्यावर घेऊन नाचू नका. पुन्हा फळं धरतील तेव्हा रोज पाणी तेवढं बदला. तेही जमणार नसेल, तर शेळ्यांच्या रांगेत जाऊन उभे राहा.