पांढऱ्या डागांची हरिणी

“दरवर्षी तेच. कितीही चोळा, हिचं अंग रंग धरतच नाही,” काल सकाळी माझ्या कानाशी रंगारी कुरकुरला आणि त्याने कुशीवर आणखी एक हात मारला.

मित्रांनो, मी संग्रहालयातली एक जुनी हरिणी आहे. आत भुसा, वर माझीच कातडी, डोळे काचेचे. ते मिटता येत नाहीत, म्हणून सगळं बघावं लागतं.

रानात जन्मले तेव्हा मी अर्धी तपकिरी, अर्धी पांढरी होते. अंगावर दुधाचं भांडं कलंडावं तशी. आईने दोन्ही रंग एकाच जिभेने चाटून काढले. आमच्या कळपात सगळ्याच छटा होत्या. मावशी जवळजवळ काळी, भाऊ वाळल्या गवतासारखा, एक म्हातारा नर विटकरी. ऋतू पालटला की रंगही थोडेफार पालटत. पाणवठ्यावर कुणी कुणाला रंग विचारला नाही. लांडगा आला की सगळे एकाच दिशेने पळायचो.

मग एका हौशी शिकाऱ्याने मला टिपलं, ते या पांढऱ्या डागांसाठीच. “अशी दुसरी सापडायची नाही,” असं तो पाहुण्यांना सांगे. खरंच होतं. सापडली ती त्याने मारली होती. त्याच्या दिवाणखान्यात माझं फार कौतुक झालं. तो गेल्यावर सुनेला माझी धूळ नकोशी झाली आणि तिने मला इथे देऊन टाकलं.

इथल्या साहेबांनी मला बघून नाक मुरडलं. “मुलांना वाटेल, हरणाला रोग झालाय. नमुना कसा नमुन्यासारखा हवा.” तेव्हापासून दरवर्षी मला तपकिरी करतात. ज्या डागांपायी जीव गेला, तेच डाग आता कुणाला दिसू द्यायचे नाहीत. माणसांचं काही कळत नाही बघा.

रंगाऱ्याची मुलगी इथेच खिडकीत बसून तिकिटं देते. भर उन्हाळ्यातही तिच्या बाह्या बोटांपर्यंत. तिच्या हातांवर आणि हनुवटीखाली पांढरे डाग आहेत. कुणी विचारलंच तर रंगाऱ्याचं उत्तर ठरलेलं: लहानपणी अंगावर चहा सांडला. चहा हनुवटीच्या खाली कसा चढला, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

तिला खिडकीतून बाहेर यायचं होतं, मुलांना दालन दाखवायचं होतं. मला सांगून सांगून तिने सगळं पाठ केलं होतं. यंदा साहेब कबूल झाले. “पण हातमोजे घालायचे. आणि काही बोभाटा झाला तर पुन्हा खिडकी.” रंगाऱ्याने तिच्या वतीने मान डोलावली. तिने मुकाट्याने हातमोजे घेतले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. धूळ झटका, कसर लागू देऊ नका. पण जपण्याच्या नावाखाली कुणाला झाकून टाकू नका. मला इथे सगळे फार जपतात, म्हणून सांगते.

काल पहिली शाळा आली. साहेबांनी सकाळीच घाईने मला रंग मारून घेतला होता. रंगाऱ्याची मुलगी छान बोलत होती, हात मात्र पाठीमागे. तेवढ्यात एका चिमुरडीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिचा तळवा तपकिरी झाला, माझी पाठ पांढरी.

“हिला काय झालं?” तिने विचारलं.

शाळेच्या बाई चिमुरडीचा तळवा रुमालाने पुसू लागल्या. साहेब छताकडे बघू लागले. रंगारी डबा आणि कुंचला घेऊन कोपऱ्यात उभा होता. मुलीने त्याच्याकडे बघत एक हातमोजा काढला, मग दुसरा.

“सांगा ना बाबा,” ती म्हणाली. “हिच्यावर चहा सांडला होता.”

रंगाऱ्याच्या कुंचल्यातून फरशीवर थेंब गळत राहिले. मुलं आधी माझ्या पाठीकडे, मग तिच्या हातांकडे बघत होती.

“चहा कुणावरच सांडला नव्हता,” तो म्हणाला. “ही हरिणी अशीच जन्मली. माझ्या मुलीला कोड आहे. लाज आम्हाला वाटत होती.”